दान पडले, पण वार लागला का?

या वेळच्या सदरात एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या कुळातले टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ संगणकावर खेळताना हल्ल्याच्या फाशाचा निकाल पडद्यावर कसा दाखवावा, हा तो विषय आहे. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की हल्ला करणारा खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, पडलेल्या दानात आपल्या पात्राचे बोनस मिळवतो, आणि ती बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा त्याहून जास्त झाली तर वार लागतो. आर्मर क्लासला सगळे खेळाडू ‘एसी’ म्हणतात आणि खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला ‘डीएम’; मीही पुढे तेच शब्द वापरतो.

प्रश्न : आमचा सहा जणांचा गट दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती ऑनलाइन खेळतो. चौघे पुण्यात आहेत, एक बंगळुरूला आणि एक न्यू जर्सीला. मी स्वतः ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. बटण दाबले की चॅटच्या पट्टीत ‘२डी२०केएच१+५ = १९; १डी८+३ = ८’ अशी ओळ उमटते. गणित नेहमी बरोबर असते, तरीही प्रत्येक वाराला कोणीतरी ‘लागला का?’ असे विचारतेच. या ओळीत काय कमी आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या ओळीत गणित आहे, निकाल नाही. ‘२डी२०केएच१’ ही संगणकाला दिलेली आज्ञा आहे. वीस बाजूंचे दोन फासे टाक आणि मोठे दान ठेव, एवढाच तिचा अर्थ. ‘१डी८+३’ म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक ३. ती आपण लिहिली म्हणून आपल्याला वाचता येते, पण लढाई रंगात आली असताना इतर पाच जणांनी ती उलगडत बसावी अशी अपेक्षा ठेवणे रास्त नाही. त्यांना आधी हवे असते ते वार लागला की चुकला हे. त्यानंतर इजा किती झाली. आणि आकड्याबद्दल कोणाला शंका आलीच तर तो कुठून आला. ओळ याच क्रमाने लावावी आणि पहिल्या उत्तराचा टाइप इतरांपेक्षा ठळक ठेवावा. आपलेच उदाहरण, समोरच्याचा एसी १६ आहे असे धरून, मी असे मांडीन :

वार लागला — १९
फासा १४ (दुसरा ६, सोडला) + बळ ३ + प्रावीण्य २
इजा ८ — फासा ५ + बळ ३

यात सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे फाशावर प्रत्यक्ष पडलेला आकडा, आणि आपल्या ओळीतून नेमका तोच गळाला आहे. पडलेले दान आणि बोनस धरून झालेली बेरीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाशावर १८ पडून ५ मिळवले तरी २३ होतात आणि बोनस ३ असताना २० पडले तरी २३च होतात. पण दुसऱ्या वेळी एसी कितीही असला तरी वार लागतो आणि शिवाय तो क्रिटिकल, म्हणजे जादा इजा करणारा, ठरतो. फासा १ वर पडला तर याच्या उलट घडते. सतराव्या पातळीच्या योद्ध्याचे प्रावीण्य ६ आणि बळ ५ धरले तर त्याचा बोनस ११ होतो. समोर झोंबी उभा आहे आणि २०१४च्या नियमपुस्तकांप्रमाणे त्याचा एसी फक्त ८ आहे. या योद्ध्याला १ पडला तर बेरीज १२ होते, म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने वार आरामात लागायला हवा. नियमाने मात्र तो चुकतो. जो प्रोग्राम आधी बेरजेची तुलना करतो आणि मग फाशाकडे पाहतो, किंवा पाहतच नाही, तो इथे हटकून फसतो. त्यामुळे कोडमध्येही आधी दान तपासावे, मग बेरीज. आणि अशा वेळी पडद्यावर केवळ ‘चुकला — १२’ असे न लिहिता ‘फाशावर १, म्हणून चुकला’ असे कारणासह लिहावे. नाही तर आपल्याला ‘लागला का?’ ऐवजी ‘का नाही लागला?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागेल.

क्रिटिकलच्या इजेतही अशीच गफलत आढळते. पाचव्या आवृत्तीत क्रिटिकल झाल्यावर इजेचे फासे दुप्पट होतात, बोनस होत नाही. म्हणजे ‘१डी८+३’चे ‘२डी८+३’ होते. अनेक हौशी प्रोग्राम ८ची सरळ १६ करून मोकळे होतात. एखाद्या गटाने तसे आपसांत ठरवले असेल तर हरकत नाही, पण निकालाच्या चौकटीत, म्हणजे कार्डावर, ‘फासे ५ आणि ७ + बळ ३ = १५’ असे सुटे दिसले तर काय मिळवले गेले याबद्दल वाद उरत नाही.

सोडलेला फासा का दाखवायचा, असेही आपल्या मनात येईल. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठे दान ठेवणे) ही लहानसहान सवलत नव्हे, आणि तिच्या उलट डिसअ‍ॅडव्हान्टेजमध्ये लहान दान ठेवावे लागते. वार लागायला फाशावर ११ किंवा अधिक हवे असतील तर एका फाशाने ती शक्यता ५० टक्के असते, अ‍ॅडव्हान्टेजने ७५ टक्के होते आणि डिसअ‍ॅडव्हान्टेजने २५ टक्क्यांवर येते. फाशावर २० पडण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर जाते. इतका फरक करणारी गोष्ट लागू झाली की राहून गेली, हे दुसरे दान डोळ्यांना दिसल्याशिवाय कोणालाच कळत नाही. अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज दोन्ही एकदम आले तर ते एकमेकांना रद्द करतात आणि एकच फासा पडतो. त्या वेळी ‘दोन्ही रद्द, एकच फासा’ एवढी टीप कार्डावर असावी. हाफलिंग या बुटक्या जमातीच्या पात्राला १ पडल्यावर फासा पुन्हा टाकता येतो. तिथेही आधीचा १ पुसून न टाकता खोडलेल्या रूपात ठेवावा. नशिबाने वाचल्याचा आनंद त्या खोडलेल्या एक्क्यातच असतो.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच प्रश्नाची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला तेव्हा लागायला किती हवे हे छापील कोष्टकात शोधावे लागे, आणि एसी जितका कमी तितके चिलखत चांगले अशी उलटी रीत होती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत कोष्टकाच्या जागी ‘थॅको’ नावाचा अंक आला. एसी शून्य असलेल्या शत्रूला लागण्यासाठी जे दान हवे तो थॅको. थॅको १७ आणि एसी ४ असेल तर वजाबाकी करून १३ हवेत, आणि एसी उणे २ असेल तर १९. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने दिशा पालटली, मोठा एसी चांगला ठरवला आणि वजाबाकीच्या जागी बेरीज आणली. त्या पालटाला लोक नियमांतला बदल म्हणतात. माझ्या मते तो मुख्यतः मांडणीतला बदल होता. संभाव्यतेचे गणित जवळपास तेच राहिले, पण टेबलावरच्या माणसाला ते एका नजरेत करता येऊ लागले.

प्रश्न : मी नागपुरात एका गटाची डीएम आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लागला’ किंवा ‘चुकला’ असे आपोआप उमटते. त्यामुळे शत्रूचा एसी खेळाडूंना लगेच कळतो असे मला वाटते. शिवाय जादूगाराच्या ‘शील्ड’ मंत्रावरून आणि गायक-पात्राच्या प्रेरणेवरून प्रत्येक सत्रात वाद होतो. निकाल उमटून गेल्यावर ते वापरता येतात की नाही? निकाल दाखवणे बंदच करावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : एसीच्या गुप्ततेचे मी फारसे मनावर घेत नाही. १७ला वार चुकला आणि १८ला लागला, की एसी १८ आहे हे टेबलावरच्या शाळकरी मुलालाही समजते, मग आपण तोंडाने निकाल सांगा किंवा यंत्राने दाखवा. दोन-तीन फेऱ्यांत जे उघड होणारच आहे त्यासाठी सर्वांना प्रत्येक वाराला ताटकळत ठेवणे परवडत नाही. एसीचा आकडा स्वतः न दाखवता फक्त निकाल दाखवणे हा मधला मार्ग बहुतेक गटांना पुरतो.

पण आपल्या दुसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे. निकाल दाखवायचा की नाही यापेक्षा तो केव्हा दाखवायचा हे इथे महत्त्वाचे ठरते, आणि नियम त्याबद्दल नेमके बोलतात. वाराविरुद्ध शील्ड मंत्र तो वार लागल्यावरच टाकता येतो. त्याने एसी ५ने वाढतो आणि ही वाढ ज्या वाराने मंत्र टाकायला लावला त्यालाही लागू होते. म्हणजे जादूगाराला ‘लागला’ हे कळलेच पाहिजे, पण इजा किती झाली हे कळण्याआधी त्याने निर्णय घ्यायला हवा. आपले सॉफ्टवेअर निकाल आणि इजा एका दमात उमटवून प्राणबिंदूही वजा करून टाकत असेल तर ३ इजेला जादूगार मंत्र वाचवेल आणि १३ला खर्च करेल. यात त्याचा दोष नाही. जे कळायला नको होते ते यंत्रानेच त्याच्या हाती दिले.

गायकाच्या प्रेरणेचा, म्हणजे सोबत्याला दानात मिळवायला तो जो जादा फासा देतो त्याचा, पेच तर आणखी गमतीचा आहे. २०१४च्या नियमांप्रमाणे ज्याला प्रेरणा मिळाली आहे त्याला आपला फासा पाहून मग ती वापरायची की नाही हे ठरवता येते, मात्र डीएमने यश-अपयश जाहीर करण्यापूर्वी. म्हणजे दान दिसले पाहिजे आणि निकाल दिसता कामा नये. २०२४च्या सुधारित नियमांत हाच फासा अपयश आल्यावर वापरायचा असतो. म्हणजे निकाल आधी कळायलाच हवा. एकाच खेळाच्या दहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन नियमपुस्तकांना पडद्यावर परस्परविरुद्ध क्रम लागतो. आपल्या गटात वाद होतो त्याचे कारण बहुधा हेच असावे, की काही जण जुने पुस्तक वाचून आले आहेत, काही नवे, आणि सॉफ्टवेअर यांपैकी एकाचीच बाजू घेते. आधी आपला गट कोणते पुस्तक मानतो ते ठरवा. यंत्राची मांडणी नंतर.

जुने पुस्तक मानत असाल तर कार्ड तीन टप्प्यांत उलगडणारे हवे. पहिल्या टप्प्यात फक्त दान आणि बेरीज. आपण बटण दाबल्यावर निकाल, पण तोही कच्चा. आणि कोणाला काही करायचे नाही हे स्पष्ट झाल्यावर इजा. कच्चा आणि पक्का निकाल यांतला फरक दाखवायला मराठीसारखी सोयीची भाषा नाही : आधी ‘वार लागतो आहे’ आणि नंतर ‘वार लागला’. एवढ्या क्रियापदाच्या बदलाने खेळाडूला अजून वेळ गेलेली नाही हे समजते, त्यासाठी वेगळी चौकट किंवा लुकलुकणारे चिन्ह लागत नाही. मंत्र पडला तर जुने कार्ड नाहीसे करू नये, त्याच कार्डाखाली ‘शील्डमुळे एसी १५ऐवजी २०, १७चा वार चुकला’ अशी ओळ वाढवावी. रात्री उशिरा कोणी विचारलेच, की मघाशी नेमके काय झाले, तर पट्टी वर सरकवून दाखवता येते.

डीएमने टाकलेल्या फाशांसाठी वेगळी सोय असावी. फाउंड्री या सॉफ्टवेअरमध्ये टाकलेले दान सर्वांना दिसेल, टाकणारा आणि डीएम या दोघांनाच दिसेल, फक्त डीएमला दिसेल किंवा फक्त स्वतःला दिसेल, असे चार पर्याय आहेत. तिसरा पर्याय हल्ल्यासाठी मला पटत नाही. आपणच टाकलेला फासा आपल्यालाच दिसू नये हे गुप्त हेरगिरीच्या प्रसंगी ठीक, तलवारीच्या वाराला नाही.

पाथफाइंडर या त्याच कुळातल्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्या एका वाचकांनीही याच धर्तीवर विचारले आहे, त्यांनाही इथेच उत्तर देतो. २०१९च्या त्या नियमांत निकाल दोन नसून चार असतात. एसीपेक्षा १० किंवा अधिक वर गेले तर क्रिटिकल यश, १० किंवा अधिक खाली राहिले तर क्रिटिकल अपयश; फाशावर २० पडले तर निकाल एक पायरी वर चढतो आणि १ पडला तर एक पायरी उतरतो. तिथे २० म्हणजे हमखास वार लागणे नव्हे. बेरीज एसीच्या १० खाली असेल तर २० पडूनही क्रिटिकल अपयशाचे साधे अपयश एवढेच होते. अशा खेळात ‘लागला’ हा शब्द अपुरा पडतो, म्हणून कार्डावर चारांपैकी कोणती पायरी आणि ती फाशामुळे बदलली का, हे दोन्ही हवे. एसी गुप्त ठेवायचा असल्यास मात्र फरकाचा आकडा छापू नये, कारण बेरजेतून फरक वजा केला की एसीच हाती येतो. हे लक्षात न घेता केलेली कार्डे मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. आमच्या गटाच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगले दान हिरव्या चौकटीत आणि वाईट लाल चौकटीत येते. तो दर वेळी मला विचारतो आणि आता त्याला विचारायचाही संकोच वाटू लागला आहे. काय करता येईल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या भावासारखे लोक समजतो तितके थोडे नाहीत, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांध लोकांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की कोणतीही माहिती केवळ रंगाने सांगू नये. रंग काढून टाका असे त्यांत म्हटलेले नाही. रंगाच्या जोडीला दुसरे काहीतरी ठेवा, एवढीच अपेक्षा आहे. सर्वांत सोपे म्हणजे शब्द लिहिणे. ‘लागला’, ‘चुकला’ आणि ‘क्रिटिकल’ हे तीन शब्द हिरव्या-लाल चौकटीपेक्षा जास्त जागा घेत नाहीत. हिरव्याऐवजी निळा आणि लालऐवजी नारिंगी घेतला तर बहुतेकांना तो भेद दिसतो, पण तरीही शब्द ठेवाच. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण त्याच तत्त्वांप्रमाणे किमान ४.५ ला १ असावे. फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेले बोनस रात्री मोबाइलवर कोणालाच वाचता येत नाहीत, डोळे धड असलेल्यांनाही.

रंगांबाबत आणखी एक घोटाळा आहे आणि तो सर्व खेळाडूंना भोवतो. रोल२० या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये ओळीत लिहिलेल्या दानाभोवती, त्यातल्या एखाद्या फाशाचा सर्वांत मोठा आकडा पडला की हिरवी चौकट येते, सर्वांत लहान पडला की लाल, आणि दोन्ही पडले की निळी. वीस बाजूंच्या फाशाला हे शोभते. पण इजेच्या चार बाजूंच्या फाशावर ४ पडले तरी चौकट हिरवीच होते आणि नवखा खेळाडू ‘क्रिटिकल!’ म्हणून ओरडतो. स्वतःचे सॉफ्टवेअर असेल तर ही ठळक खूण फक्त हल्ल्याच्या फाशासाठी राखून ठेवावी.

ज्यांना पडदा मुळीच दिसत नाही आणि जे मजकूर यंत्राकडून वाचून घेतात, त्यांच्यासाठी वरचा क्रम आणखी मोलाचा आहे. डोळा हव्या त्या आकड्यावर उडी मारू शकतो. कानाला ओळ पहिल्यापासून ऐकावी लागते. ‘वार लागला, एकोणीस’ हे आधी ऐकू आले तर पुढचा तपशील थांबवता येतो.

प्रश्न : मी मराठीतून फासे टाकण्याचे ॲप लिहीत आहे. आकडे देवनागरीत दाखवले तर दान वाचले जाते, पण बेरीज चुकते. काय चुकत असेल?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपण बहुधा पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचून त्याची बेरीज करत आहात. जावास्क्रिप्टला मराठी स्थानिक मांडणी सांगितली की ती १९ हा अंक देवनागरीत छान लिहून देते, पण तोच ‘१९’ परत अंक म्हणून वाचायला दिला तर तिला तो अंकच वाटत नाही. पायथन तो वाचते, म्हणून एका भाषेत चाललेली युक्ती दुसरीत फसते. दान आणि बेरीज आत अंक म्हणूनच साठवा आणि देवनागरी रूप फक्त दाखवण्याच्या क्षणी द्या. एका कार्डावर दोन लिप्यांचे अंक मिसळू नका. घाईत देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत होते, आणि फाशावर १ की नऊ यावर पात्राचा जीव अवलंबून असू शकतो. ओळीची उंचीही थोडी वाढवा, नाही तर वेलांट्या आणि उकार चौकटीत कापले जातात.

प्रश्न : आठ गॉब्लिनांनी, म्हणजे छोट्या राक्षसांनी, एकदम बाण सोडले की आमच्या पट्टीत आठ कार्डे येतात आणि आधीचे सगळे वर निघून जाते. शिवाय प्रत्येक फासा पडद्यावर गडगडत जातो, ते पाहण्यातच वेळ जातो. उपाय सुचवावा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आठांचे एकच कार्ड करा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात गॉब्लिनचा बोनस ४ आणि बाणाची इजा ‘१डी६+२’ आहे. आपल्या योद्ध्याचा एसी १६ असेल तर प्रत्येक बाण लागण्याची शक्यता ४५ टक्के, म्हणजे सरासरी तीन ते चार बाण लागणार. पहिली ओळ ‘८ पैकी ३ लागले, एकूण इजा १६’ अशी असावी आणि खाली फक्त लागलेल्या तिघांची दाने यावीत. चुकलेले पाच एका ओळीत नुसत्या आकड्यांनी द्यावेत : ‘चुकले — ३, ७, ९, १०, ११’. त्यांत १ किंवा २० असेल तरच तो आकडा ठळक करावा. बाण वेगवेगळ्या खेळाडूंवर सुटले असतील तर प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली त्याच्यापुरती ओळ द्यावी, कारण प्रत्येकाला फक्त आपल्याला किती लागले एवढेच जाणून घ्यायचे असते.

गडगडणारे फासे मलाही आवडतात; खऱ्या फाशाच्या आवाजाची थोडी उणीव त्याने भरून निघते. पण ते खेळाडूच्या एकट्या वारासाठी ठेवा, गॉब्लिनांच्या घोळक्यासाठी बंद करा, आणि ज्याला नको त्याला एका टिचकीत थांबवता येईल अशी सोय द्या. फासा थांबण्याआधीच पट्टीत निकाल उमटत असेल तर तो क्रम मात्र आजच दुरुस्त करून घ्या.